पायरीजवळचा तडा

पट्ट्या शाबूत होत्या.

फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत गेलेली काँक्रीटची वाट, तिच्यावरचे तीन मोठे तडे आणि प्रत्येक तड्यावर आडवी बसवलेली प्लास्टरची पांढरी पट्टी. दादा एकेका पट्टीपाशी उकिडवा बसत होता, खिशातलं भिंग काढून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होता आणि बाकीचे सगळे श्वास रोखून त्याच्या मानेकडे बघत होते. फाटकाजवळच्या पट्टीपाशी मान हलली. गुलाबांच्या वाफ्यासमोरच्या पट्टीपाशी हलली. पायरीजवळच्या तिसऱ्या पट्टीपाशी मात्र दादा जरा जास्तच वेळ रेंगाळला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "तिन्ही चांगल्या आहेत. एकही मोडलेली नाही."

आईने पायरीवरच बसकण मारली.

"म्हणजे जमीन सरकत नाहीये," धाकटा म्हणाला. "म्हणजे घर खचत नाहीये. म्हणजे आई कुठेही जात नाहीये. म्हणजे मी जिंकलो!"

"पैज कोणी लावली होती रे तुझ्याशी?" ताईने विचारलं.

"मीच. माझ्याशीच."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या जोरात पडला, की आवाज बाकीच्यांना ऐकू गेला असेल अशी तिला धास्ती वाटली. दादाची बायको, या घरची थोरली आणि अजून तरी एकुलती सून, आणि धंद्याने दातांची डॉक्टर. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची वेदना ओळखण्यात तिचा दिवस जायचा, त्यामुळे आपल्या चेहऱ्यावरचा आनंद लपवणंही तिला बऱ्यापैकी साधलं होतं. तिने तोंड जमेल तेवढं गंभीर केलं आणि म्हणाली, "बरं झालं हो. आईंच्या मनासारखं झालं."

आईने तिच्याकडे एक नजर टाकली. ती नजर वहिनीने चुकवली.

पट्ट्यांची कल्पना दादाची. आई फाटक लावायला गेली असताना तड्यात चप्पल अडकून पडली आणि तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून दादाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दादा वजनमापं तपासणारा निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासून तपासून त्याला प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायची खोड जडली होती. घर उताराच्या कडेला, खालच्या शेजाऱ्यांची कुंपणाची भिंत आधीच कललेली, आणि आता वाटेला हे तडे. जमीन सरकतेय, आज वाट फुटली, उद्या घर फुटेल, असं त्याच्या मनाने घेतलं. तेव्हा ठरलं ते असं: तड्यांवर पट्ट्या बसवायच्या. जमीन हलली तर प्लास्टर मोडेल, न हलली तर राहील. पावसाळा संपला की सगळ्यांनी जमायचं. एक जरी पट्टी मोडलेली निघाली, तरी घराला कुलूप आणि आई दादाकडे, कायमची. सगळ्या शाबूत निघाल्या, तर तडे बुजवायचे आणि विषय बंद.

ताई दादाच्या बाजूची. ती पोहायला शिकवायची, त्यामुळे तिचं साधं बोलणंही तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचायचं. "हाड पुन्हा मोडलं तर कोण धावणार?" हे तिने फोनवर इतक्यांदा विचारलं होतं, की आईने फोन कानापासून वीतभर लांब धरायला सुरुवात केली होती. धाकटा आईच्या बाजूचा. तो फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा, गावभर हिंडायचा, आणि जेवायच्या वेळेला त्याचं काम नेमकं आईच्याच घराजवळ निघायचं.

आणि वहिनी? वहिनी कोणाच्याच बाजूची नव्हती. निदान तसं ती म्हणायची. आईचं मनगट मोडलं तेव्हा आई महिनाभर तिच्याकडे राहून गेली होती. भांडण म्हणाल तर एकही झालं नाही. दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या, की दादाला वाटलं, या मायलेकीच. प्रत्यक्षात वहिनीचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत, आणि आई दुपारभर बाहेरच्या बाकावर पेशंटांच्यात बसायची. "दाढ काढायला आलात? कशाला काढता? लवंग धरा दोन दिवस," असं सांगून तिने भलीचांगली गिऱ्हाइकं परत पाठवली होती. इकडे आईला दातांच्या मशीनची घरघर ऐकून जेवण जाईना. वहिनी स्वयंपाकघरात आली की आई उठून बाहेर जायची, आई आली की वहिनीला दवाखान्यात काम आठवायचं. महिन्याअखेरीस दोघी थकून गेल्या होत्या आणि दोघींनीही अवाक्षर काढलं नव्हतं. पट्टी मोडली असती तर तो महिना जन्मभर पुरला असता. वहिनीला तेवढंच दिसत होतं, आणि तेवढंच दिसतं म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

"चला, लागा कामाला," ताईने टाळी वाजवली. "मी हातापाया पडून सुट्टी काढून आलेय. छिन्नी कुठे आहे?"

सिमेंट आणि वाळू धाकट्याने आदल्या दिवशीच आणून टाकली होती. तडा बुजवायचा म्हणजे नुसतं वरून सिमेंट फासून चालत नाही. आधी छिन्नीने त्याच्या कडा उकरून तो रुंद करायचा, सुटलेलं सगळं काढायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, पाण्याने ओला करायचा आणि मग दाबून भरायचा. वहिनीला हे कोणी सांगायची गरज नव्हती. ती जन्मभर हेच करत आली होती, फक्त लहान जागेत.

"नानांनी दरवर्षी नुसतं वरून फासलं," धाकटा फाटकाजवळचा तडा उकरता उकरता म्हणाला. "आणि दरवर्षी तो पुन्हा उघडला."

"तुझ्या वडलांना नावं ठेवू नकोस," आई पायरीवरून म्हणाली. "वाट एकट्याने ओतली त्यांनी."

"म्हणून तर फुटली!"

हा किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता, तरी निघाला की सगळे ऐकायचे. नाना टेलर. वाट ओतायला घेतली तेव्हा गवंडी म्हणाला होता, मधे मधे सांधे सोडा, काँक्रीट आखडतं, त्याला जागा लागते. नानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अख्खी हयात त्यांनी लोकांच्या कापडात जोड दिसू नये म्हणून घालवलेली. "चांगला कपडा एका तुकड्यात बेततात," ते म्हणाले, गवंड्याला घरी पाठवलं आणि फाटकापासून पायरीपर्यंतची वाट एका दमात, एकसंध ओतली. शेजारीपाजारी बघायला आले. वर्ष सरायच्या आत वाटेने आपली आपण जागा करून घेतली.

"फाटकाजवळचा आणि वाफ्यापुढचा तडा त्यातलेच," दादा म्हणाला. "ते जुने. पायरीजवळचा तेवढा नवा."

"पण पट्टी शाबूत आहे ना?" आई चटकन म्हणाली.

"आहे," दादा म्हणाला.

"आहे," वहिनीही म्हणाली.

"आहे की," धाकटा म्हणाला.

तिघं एकदम बोलली. ताईने एकेकाकडे बघितलं.

फाटकाजवळचा तडा भरून झाला, वाफ्यापुढचाही झाला. ताई घमेलं ओढत पायरीपाशी आली आणि पट्टी काढायला खाली वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"दादा, मुंग्या प्लास्टर खातात?"

"नाही. का?"

"मग या काय नेतायत?"

कुंडीखालून निघालेली मुंग्यांची रांग थेट पट्टीवर चढली होती आणि पट्टीचे पांढरे कण उचलून शिस्तीत परत चालली होती. ताईने नखाने एक कपची काढली, नाकाशी धरली आणि जिभेला लावली.

"खारट आहे," ती म्हणाली. "मैदा आहे हा!"

आई आपल्या बांगडीशी चाळा करू लागली.

"आई?"

"चुनाही घातलाय त्यात," आई म्हणाली. "घट्ट व्हावा म्हणून."

"आई!"

"अगं, परवा सकाळी बघितलं तर मधोमध चीर! काय करणार? तुमच्या दादाने एवढ्या हौसेने बसवलेली. मी मैदा भिजवला, मीठ घातलं, थापला. तारीखसुद्धा लिहिली वर, दादाने लिहिली होती तशी." तिने आवाज चढवला. "आणि मला इथून हलायचं नाही! झालं समाधान?"

ताईने छिन्नी घेतली आणि मैद्याचा थर एका बाजूने उचलला. तो पोळीसारखा सुटून आला. खाली प्लास्टर असायला हवं होतं. खाली होती गुळगुळीत, चकचकीत पांढरी पुट्टी, मधोमध चिरलेली. तिच्यावरही तीच तारीख.

सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळल्या. फ्रीजच्या दाराला लावायची ती पुट्टी घरात दुसऱ्या कोणाकडे असायचं कारण नव्हतं.

"मी जेवायला आलो होतो," धाकटा म्हणाला. "बघितलं तर गेलेली. म्हटलं, आईला कशाला कळवायचं. आईचा जीव उडाला असता."

"आणि मला कळवायचं?" दादा म्हणाला.

"तुला तर नाहीच नाही."

ताई आता इरेला पेटली होती. तिने पुट्टी उचकटली. खाली पिवळा थर निघाला, वरून खडूची पूड चोळून पांढरा केलेला, आणि तोही मधोमध चिरलेला. वहिनीची कानशिलं तापली. त्या पिवळ्या प्लास्टरमध्ये ती दातांचे साचे ओतायची. दादाने हजार वेळा पाहिलं होतं. त्याने थराकडे बघितलं, मग बायकोकडे.

"तू?"

"आईंची औषधं द्यायला आले होते," वहिनी म्हणाली. "गाडीत सामान होतंच. मला वाटलं..." तिला काय वाटलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते इथे, सगळ्यांच्या समोर बोलण्यासारखं नव्हतं. "मला वाटलं, पट्टी कच्ची राहिली असेल."

"धन्य!" ताई म्हणाली. "धन्य आहे या घराची! मी तिकडे जीव टांगणीला लावून बसलेय, फोनवर फोन करतेय, आणि इथे जो येतोय तो एक थर लावून जातोय. तारीख मात्र सगळ्यांनी इमानाने एकच लिहिली. एक तो दादा तेवढा सरळ निघाला बाबा."

आणि तिने पिवळा थर काढला.

खाली पांढरं प्लास्टर होतं. दादाचं. त्यावर दादाच्या अक्षरात तारीख, आणि मधोमध चीर. पण ताईच्या छिन्नीचा धक्का लागून त्याचा एक तुकडा निखळला, आणि त्या तुकड्याखालून दुसरं प्लास्टर डोकावलं. तसंच पांढरं. तसंच चिरलेलं. त्यावर दादाच्याच अक्षरात तीच तारीख.

वाटेवर एवढी शांतता पसरली की मुंग्यांनाही अवघडल्यासारखं व्हावं.

"सगळ्यात आधी मीच," दादा म्हणाला. त्याने भिंग खिशातून काढलं, उगाच पुसलं, परत ठेवलं. "लावल्यावर थोड्याच दिवसांत मोडली ती. मी एकटाच होतो. म्हटलं, पाणी जास्त झालं असेल, पातळ झालं असेल, पुन्हा लावून बघू."

"तू?" ताईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "दुकानदारांना खोट्या वजनासाठी दंड करणारा तू?"

"हो, मी. तुला काय वाटतं, आईला या घरातून उठवायला मला मजा वाटत होती? तिने हो म्हटलं असतं, तर कुलूप मलाच लावायला लागणार होतं." तो पायरीच्या कडेवर आईशेजारी बसला. "मला वाटलं, दुसरी पट्टी टिकेल. टिकलेली दिसली तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू. आज जाडी बघितली तेव्हाच कळलं, हिच्यावर कोणीतरी हात फिरवलाय. आणि तरी मी म्हटलं, चांगली आहे."

ताईला हसावं की रडावं कळेना. "मला कोणी सांगितलं असतं तर मीही लावला असता की एक थर," ती पुटपुटली.

कोणीतरी हसायला सुरुवात करायला हवी होती, पण हसू कोणालाच आलं नाही. कारण आता सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती. पाच थर, आणि पाचांतले चार एकाच रेषेत मोडलेले. खोटं सगळ्यांनी केलं होतं, पण तडा खरा होता. जमीन हलत होती.

"ठरलं होतं ते ठरलं होतं," दादा हळूच म्हणाला. "आई, आता खेळ पुरे. तू चल आमच्याकडे."

आई वाद घालेल, ओरडेल, निदान रडेल असं वहिनीला वाटलं. आईने वाटेकडे पाहिलं, गुलाबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "येते."

एवढंच. दुखून दुखून थकलेले पेशंट खुर्चीत बसायचे आणि असंच म्हणायचे, काढून टाका एकदाचा. त्या आवाजाला वहिनीने कधी दाद दिली नव्हती. आणि गंमत अशी, की या क्षणी तिला स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा दवाखाना, बाहेरचा बाक, यातलं काही आठवलं नाही. समोरची बाई घर सोडायला निघालीय, एवढंच तिला दिसलं, आणि तिला ते सहन झालं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "कुठला दात दुखतोय ते ठोकून बघितल्याशिवाय मी कुणाची दाढ काढत नाही. भावजी, हातोडी द्या इकडे."

"वहिनी, हा दात नाहीये."

"द्या म्हणते ना!"

ती वाटेवर गुडघे टेकून बसली आणि हातोडीच्या टोकाने हलकेच ठोकत निघाली. फाटकाकडून सुरुवात केली. ठण्. ठण्. भरीव आवाज. वाफ्यासमोर, ठण्. पायरीच्या अलीकडे आली आणि आवाज बदलला. ढब. तिने हात तसाच पुढे नेला. ढब, ढब. डावीकडे सरकली, ठण्. परत उजवीकडे, ढब.

"इथे खाली पोकळ आहे," ती म्हणाली. "पण सगळीकडे नाही. पट्टा आहे एक. खडू द्या."

तिने ठोकत ठोकत पोकळ आवाजाच्या दोन्ही बाजूंना खुणा केल्या. जमीन उताराकडे सरकत असती, तर पट्टा उताराला आडवा जायला हवा होता. तो तसा गेला नाही. पायरीजवळच्या तड्याखालून तो तिरपा निघाला आणि सरळ न्हाणीघराच्या भिंतीला जाऊन भिडला.

धाकट्याने डोक्याला हात लावला. "अरे, सांडपाण्याचा पाइप! न्हाणीघरातला पाइप इथूनच जातो वाटेखालून!"

मग कोणी कोणाची वाट पाहिली नाही. दादाने स्वतः पहार घेतली. ऑफिसातला माणूस, चार घाव घातले की धाप लागत होती, पण पहार त्याने दुसऱ्याला दिली नाही. तड्याजवळचा लादीएवढा तुकडा उचकटून बाजूला काढला, तर खाली हात जाईल एवढी पोकळी आणि तिच्या तळाशी चिकचिक चिखल. धाकटा पालथा पडून आत वाकला, हात घातला, आणि त्याचा आवाज खड्ड्यातून घुमत वर आला.

"सांधा निसटलाय पाइपाचा! प्रत्येक आंघोळीचं पाणी इथे मुरतंय आणि खालची भर घेऊन चाललंय. वाटेला खालून आधारच राहिला नाही. मोडणारच की ती!"

"आणि घर?" आईने विचारलं. पायरीवरून ती उठून उभी राहिली होती.

दादाने सळई घेतली आणि घराच्या पायाच्या कडेने, न्हाणीघराच्या कोपऱ्यापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत, जागोजागी खुपसून बघितली. कुठेही बोटभराच्या पलीकडे गेली नाही. मग त्याने गाडीतून पाणसळ आणली. ती खिडकीच्या कठड्यावर ठेवली, उंबऱ्यावर ठेवली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. सगळे त्याच्यामागून खोल्याखोल्यांतून हिंडत होते आणि काचेतल्या बुडबुड्याकडे बघत होते. बुडबुडा प्रत्येक ठिकाणी मधोमध येऊन थांबत होता.

"घर जागचं हललेलं नाही," दादा म्हणाला. "केसभरही नाही."

"हे पाणसळीने आधीच नसतं का बघता आलं?" ताईने विचारलं.

"आलं असतं. पट्टी मोडल्यावर बघायचं धैर्य झालं नाही," दादा म्हणाला, आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच त्याला रडू फुटलं. आईने त्याचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. एवढा मोठा बाप्या, पण कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

दुपारनंतर कामाला असा रंग चढला की बघत राहावं. धाकट्याने पाइपाचा तुकडा बदलला. ताईने एकटीने खडीची घमेली वाहिली आणि ती वाहताना सगळ्यांच्या खोटेपणाचा उद्धार केला, पण आता त्यात गंमतच जास्त होती. पोकळीत दगडगोटे आणि खडी ठासली, वर काँक्रीट ओतलं. धाकट्याने नव्या तुकड्याच्या दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या घालून सांधे सोडले आणि आईकडे बघितलं.

"दिसेल हं जोड," तो म्हणाला.

"दिसू दे," आई म्हणाली. "मला चालायला वाट हवीय. मिरवायला नको."

थापी वहिनीच्या हातात होती. पृष्ठभाग तिने असा काही घोटला की दादा म्हणाला, आता याला चूळ भरायला सांग. सिमेंटच्या त्या वासात सगळे हसले आणि हसताना एकेकाचे खांदे खाली आले. इतके महिने कोणी किती ताणून धरलं होतं ते तेव्हा कळलं.

काँक्रीट भिजत ठेवायचं होतं. सांधा पक्का होईपर्यंत पाइपात पाणी सोडायचं नव्हतं, म्हणजे न्हाणीघर बंद, वाट बंद. पाणी मारायला धाकटा इथे मुक्काम करणार होता. आईने कुठे राहायचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर आला.

आई आत गेली. वहिनी हात धुवायच्या निमित्ताने तिच्यामागे गेली. आई पलंगावर एक लहानशी पिशवी उघडून बसली होती.

"दार लोटून घे," आई म्हणाली. वहिनीने लोटलं. "एक विचारते, खरं सांग. तो पिवळा थर तू कशासाठी लावलास?"

वहिनीने ओले हात तसेच धरले. सकाळचं उत्तर तयार होतं. पण आज या घरात इतके थर निघाले होते, की तिला आणखी एक लावायचा कंटाळा आला.

"तुम्ही कायमच्या आमच्याकडे याल म्हणून," ती म्हणाली. "मला ते नको होतं, आई."

आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्या तोंडाच्या कडा हलल्या.

"मलाही नको होतं गं," ती म्हणाली. "तुझ्याकडे तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत! ती तुझी मशीन घर्रर्र करायची की माझा घास तोंडात फिरायचा. आणि तू इतकी गोड बोलायचीस, की भांडावं म्हटलं तर निमित्त मिळेना."

"मी गोड बोलायचे? तुम्ही बोलायचात! तीन पेशंट परत पाठवलेत माझे, आणि वर विचारायचात, आज गर्दी कमी का गं?"

"त्यांना लवंगेने बरं वाटलं असेल."

"नाही वाटलं. दोघं नंतर आलेच, सुजलेले गाल घेऊन!"

आई हसायला लागली. वहिनीलाही हसू आवरेना. दोघी पलंगावर बसून तोंडावर हात दाबून हसत राहिल्या, हसता हसता वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. या बाईशी एवढं खरं ती लग्नानंतर आजवर कधी बोलली नव्हती. बोलल्यावर काही कोसळलं नाही. उलट खोलीत मोकळी हवा आल्यासारखं वाटलं.

"मघाशी हातोडी का उचललीस मग?" आईने डोळे पुसत विचारलं. "तेही मी येऊ नये म्हणूनच?"

"नाही," वहिनी म्हणाली. "तुम्ही 'येते' म्हणालात, ते ऐकवेना."

आईने पिशवीत दोन दिवसांचे कपडे घातले, मग जरा विचार करून आणखी एक जोड घातला आणि पिशवीचं तोंड बंद केलं.

बाहेर दादा गाडीपाशी उभा होता. आई वाफ्याच्या कडेकडेने, ताईचा हात धरून, फाटकाशी आली. तिने घराची किल्ली धाकट्याच्या हातावर ठेवली, पण सोडण्याआधी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "दिवसातून दोनदा पाणी मार. आणि गुलाबांना विसरू नकोस."

दादाने पिशवी उचलली आणि ती हलकी लागल्यावर थबकला. "एवढंच?"

"एवढंच," आई म्हणाली, आणि गाडीचं मागचं दार उघडून वहिनीशेजारी बसली. "हे बघ सूनबाई, आधीच सांगून ठेवते. वाट पक्की झाली, की एक दिवससुद्धा जास्त ठेवून घेऊ नकोस मला."

"नाही ठेवणार," वहिनी म्हणाली, आणि तिने सासूचा हात आपल्या हातात घेतला.

पुढे बसलेल्या दादाने दचकून आरशात पाहिलं. मागे दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या आणि दोघींच्याही चेहऱ्यावर नुसतं समाधान होतं. आपल्याला यातलं काही कळलेलं नाही हे त्याला नीट कळलं, आणि त्याने गाडी सुरू केली.